आमदार बाबासाहेब



विहाराच्या वर्धापनदिनी स्मरणिका काढायची आणि तिच्यात परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर लेख द्यायचा, ही आपली रीतच आहे. बाबासाहेबांचे जीवन आपल्याला नवीन नाही. महाडचे चवदार तळे, नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, येवल्याची घोषणा, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षा हे सगळे आपल्या घरातल्या लहान पोराला सुद्धा तोंडपाठ असते. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण तेच सांगतो, तेच ऐकतो. त्यात गैर काही नाही.

पण या जीवनातला एक मोठा भाग आपल्या भाषणांतून कायम सुटतो. बाबासाहेब मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचे सभासद होते, म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर आमदार होते. १९२७ साली ते प्रथम कौन्सिलात गेले आणि १९३९ साली प्रांताचे मंत्रिमंडळ जाईपर्यंत या इलाख्याच्या कायद्यांवर त्यांची नजर होती. त्या काळात त्यांनी काय मागितले, कोणते बिल आणले, कोणते हाणून पाडायचा प्रयत्न केला, हे आपल्या घराघराशी जोडलेले आहे. आपल्या वस्तीत घाटावरची माणसे आहेत, कोकणातली आहेत, गिरणीत जन्म घातलेल्यांची मुले-नातवंडे आहेत. या सर्वांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यांनी त्या सभागृहात मांडला. म्हणून या वर्षी आम्ही ठरवले, की घटनेच्या शिल्पकाराआधीचे हे आमदार बाबासाहेब वाचकांपुढे ठेवायचे.

चाळीतला सभासद

सुभेदार रामजी सकपाळ यांचे चौदावे अपत्य म्हणजे भीमराव. जन्म १४ एप्रिल १८९१, महू येथे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. १९०७ साली मॅट्रिक, पुढे एलफिन्स्टन कॉलेजातून बी. ए., मग बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ, त्यानंतर लंडन. १९२३ साली ते डॉक्टर आणि बॅरिस्टर होऊन परतले. एवढ्या पदव्या घेतलेला माणूस राहत होता मात्र परळच्या बी. आय. टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी. माता रमाई त्या दोन खोल्यांत संसार ओढत होत्या.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत जी कौन्सिले आली, त्यांत अस्पृश्यांना निवडून जायची सोय नव्हती. मत होते ते सारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला. आपल्या माणसाकडे ना जमीन, ना मालमत्ता. म्हणून गव्हर्नर दोघा-तिघांना नेमून टाकत. १९२६ च्या निवडणुकीनंतर मुंबईच्या गव्हर्नरांनी अस्पृश्यांतर्फे दोघांना नेमले, डॉ. आंबेडकर आणि डॉ. पी. जी. सोळंकी. १८ फेब्रुवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी शपथ घेतली. तेव्हा त्यांचे वय होते पस्तीस.

सरकारने नेमलेला सभासद सरकारच्या बाजूने हात वर करतो, अशी त्या काळची समजूत होती. ती बाबासाहेबांनी आठवड्याच्या आत मोडली. २४ फेब्रुवारीला अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले, आणि त्यात त्यांनी सरकारच्या करपद्धतीचीच चिरफाड केली. व्यापाऱ्याचे उत्पन्न एका मर्यादेच्या आत असेल तर त्याला इन्कमटॅक्स माफ. पण एक एकरवाला शेतकरी असला, पीक आले काय किंवा बुडाले काय, त्याला सारा भरावाच लागतो. मोठ्या जमीनदाराला जो दर, तोच या फाटक्या माणसाला. हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. अर्थशास्त्रातली त्यांची विद्या अशी पहिल्याच दिवशी गरिबाच्या कामी आली.

शिक्षण आणि चवदार तळे, एकाच महिन्यात

१२ मार्च १९२७ ला शिक्षणाच्या खर्चावर चर्चा झाली. बाबासाहेब आकडे घेऊनच उभे राहिले. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते, आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर घाला, अशी त्यांची मागणी होती. दुसरा आकडा त्याहून बोचरा होता. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल झाली, तर चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. बाकीची ब्याऐंशी मुले जातात कुठे? ती शेण गोळा करायला, गुरे राखायला, गिरणीत बदलीवर जातात आणि शिकलेली अक्षरेही विसरतात. फी वाढवून शिक्षणाचा धंदा करू नका, आणि जे समाज मागे राहिले आहेत त्यांना बरोबरीला आणायचे तर त्यांना इतरांपेक्षा जास्त सवलत दिली पाहिजे, हेही त्यांनी तेव्हाच मांडले. सवलतीवरून आजही कुणी आपल्याला टोमणा मारतो, तेव्हा हे तत्त्व किती जुने आहे ते ध्यानात असू द्यावे.

या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेत होते. आपण तळ्याचा प्रसंग सांगतो, पण त्यामागे एक कौन्सिलचा ठराव होता हे सांगायला विसरतो. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कौन्सिलात एक ठराव मंजूर करून घेतला होता. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कोर्टकचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनेही त्यानुसार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले. कागदावर खुले, आणि तळ्यावर बंद! बाबासाहेबांनी हजारो माणसांना घेऊन त्या कागदाची अंमलबजावणी आपल्या पायांनी केली.

कायदा नुसता पास होऊन भागत नाही, तो वापरायला माणसे उभी करावी लागतात. आणि नुसती माणसे उभी करूनही भागत नाही, त्यांच्या हातात कायदा असावा लागतो. बाबासाहेबांची सगळी आमदारकी या दोन पायांवर चालली. महाडला आपल्या लोकांना मार बसला, पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली, पण सोडले नाही.

त्याच १९२७ च्या ऑक्टोबरात सरकारने छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनीचे एकत्रीकरण करणारे बिल आणले. दिसायला ते चांगले होते. तुकडे नकोत, मोठे शेत असावे. बाबासाहेबांनी याच विषयावर १९१८ साली अभ्यास करून निबंध लिहिला होता. त्यांनी सांगितले की शेत लहान असणे हे दुखणे नाही, शेतकऱ्याकडे बैल, अवजारे, भांडवल नाही हे दुखणे आहे. एकाची जमीन दुसऱ्याला जोडली, तर ज्याची गेली तो भूमिहीन होणार. तुकडे जोडायचेच तर मालकी ज्याची त्याला ठेवून सहकारी पद्धतीने शेती करा, असा उपाय त्यांनी सुचवला. विरोध एवढा झाला की सरकारला ते बिल गुंडाळावे लागले.

महारकीची बेडी

आता ज्या बिलासाठी बाबासाहेब सर्वात जास्त झिजले, त्याकडे येऊ. आजच्या मुलांना वतन म्हणजे काय ते ठाऊक नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना मात्र ते हाडात मुरलेले होते.

महार हा गावचा वतनदार नोकर. सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा, चावडीवर हजर राहायचे, गावात साहेब आला की त्याच्या दिमतीला धावायचे, दवंडी द्यायची, मयताचा सांगावा दहा कोसांवर न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे. ही येसकरकी दिवसा होती आणि रात्रीही होती. कामाला तास नाही, हद्द नाही. ज्याची पाळी आहे तो आजारी पडला, तर त्याच्या बापाला उठवायचे, बाप नसला तर भावाला, तोही नसला तर बायकोला. एका माणसाच्या वतनात सगळे घर बांधले जायचे. आणि मोबदला काय? हाडकीचा जमिनीचा तुकडा, तोही भावकीत वाटून वाटून अंगणाएवढा झालेला, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर हात पसरून मागायचे बलुते.

काम सरकारचे, पण पोट गावाच्या मर्जीवर. महाराने पोराला शाळेत घातले, स्वच्छ कपडा घातला, मेलेले ढोर ओढायला नकार दिला, की गाव बलुते बंद करणार. म्हणजे बलुते हे मजुरीचे नाव, आणि खरे काम लगामाचे. बाबासाहेबांनी नेमके हे मर्म ओळखले. बलुत्यावर जगणारा माणूस हक्क मागू शकत नाही, म्हणून आधी बलुते सोडवा.

१९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल कौन्सिलात मांडले. त्यातल्या मुख्य गोष्टी तीन. एक, बलुत्याऐवजी ठरावीक पैसा मिळावा आणि तो सरकारने साऱ्याबरोबर गावाकडून वसूल करून महाराला द्यावा. दोन, ज्याला वतन सोडायचे त्याला सोडू द्यावे, आणि त्याची जमीन पूर्ण सारा भरून रयतेसारखी त्याच्याकडेच राहावी. तीन, महाराने कोणते काम करायचे ते नेमके ठरवून द्यावे, वाटेल तो वाटेल तेव्हा हाक मारील असे नको.

मागणी किती साधी! पण सभागृहात खळबळ उडाली. सरकारला वाटले, फुकटात मिळणारे नोकर गेले तर पगारी माणसे ठेवावी लागतील, खर्च कोण सोसणार? गावच्या पुढाऱ्यांना वाटले, महार आपल्या हातातून निसटणार. आणि लपवून काय उपयोग, आपल्यातही काहीजण घाबरले. हाडकीची जमीन जाईल, बलुत्याची भाकर जाईल, मग खायचे काय? बाबासाहेबांनी सभा घेऊन लोकांना समजावले. पिढ्यान् पिढ्या पायात असलेली बेडी माणसाला दागिन्यासारखी वाटू लागते, ती सवय आधी मोडावी लागली.

ऑगस्ट १९२८ मध्ये पहिले वाचन होऊन बिल निवड समितीकडे गेले. तिथून ते परत आले तेव्हा त्याचा गाभाच काढून टाकलेला होता. असले पांगळे बिल पास करून घेण्यापेक्षा न झालेले बरे, असा निर्णय घेऊन २४ जुलै १९२९ ला बाबासाहेबांनी ते मागे घेतले. दीड वर्षाचे कष्ट वाया गेले, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. १९३७ साली त्यांनी पुन्हा तसेच बिल आणले, तेही तडीस गेले नाही. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला वतनदारांची मोठी परिषद भरवून त्यांनी तो प्रश्न पुन्हा लोकांत नेला. शेवटी कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्याने केला तो १९५८ साली. तेव्हा बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन दोन वर्षे झाली होती.

गिरणीतल्या आयाबहिणी

१९२८ च्या जुलैत गिरण्यांतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणारे बिल कौन्सिलात आले. बाबासाहेबांनी २८ जुलैला त्याला जोरदार पाठिंबा दिला. परळ-लालबागची बाई वाइंडिंग खात्यात उभ्याने काम करायची, अगदी दिवस भरेपर्यंत. बाळंत झाली की पंधरवड्यात पुन्हा भोंग्याला हजर, नाहीतर जागा गेली. पोर घरी अफूच्या गोळीवर झोपलेले. मालकांचे म्हणणे असे की बाळंतपण हा तिचा खाजगी मामला, त्याचा भुर्दंड आम्हाला का?

बाबासाहेबांचे उत्तर मुद्देसूद होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात सगळ्या राष्ट्राचे हित आहे, म्हणून खरे तर मोठा भार सरकारनेच उचलायला हवा. पण ज्या मालकाला त्या बाईच्या श्रमातून नफा मिळतो, त्यालाही त्यातून अंग काढून घेता येणार नाही. १९२९ साली हा कायदा झाला. हिंदुस्थानातला बाळंतपणाच्या रजेचा तो पहिला प्रांतिक कायदा. पुढे १९६१ साली सगळ्या देशासाठी तसा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांची झाली. आपल्या वस्तीतली एखादी शिक्षिका, परिचारिका, बँकेतली मुलगी बाळंतपणाच्या रजेवर घरी येते, तेव्हा तिने आपल्या पणजीची आठवण काढावी. तिला अशी रजा ठाऊक नव्हती.

याच वर्षी अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करायला सरकारने स्टार्ट कमिटी नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते, तिचा अहवाल १९३० मध्ये आला. सायमन कमिशनला साहाय्य करणाऱ्या मुंबईच्या प्रांतिक समितीतही ते होते. तिथे बहुमताशी न पटल्यामुळे त्यांनी मे १९२९ मध्ये आपला वेगळा अहवाल दिला आणि प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत हवे ही मागणी केली. ज्या देशात आपल्या बापाला मत नव्हते, त्या देशात ही मागणी करायला छाती लागते.

१९३२ साली ग्रामपंचायतीचे बिल आले. पंचायत म्हणजे गावचे रामराज्य, अशी गोडवी अनेकजण गात होते. बाबासाहेबांना गाव आतून माहीत होते. अस्पृश्यांना राखीव जागा नसतील तर पंचायत म्हणजे त्यांच्यावर आणखी एक सत्ता, असे त्यांनी बजावले. सहा दशकांनी, १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रियांच्या राखीव जागा देशभर बंधनकारक झाल्या.

निवडून आलेले बाबासाहेब

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना जास्त अधिकार मिळाले आणि निवडणुका लागल्या. नेमणुकीचे दिवस संपले. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नव्हती, मजूर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. फेब्रुवारी १९३७ मध्ये ते भायखळा-परळ भागातून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उभे केले होते प्रसिद्ध क्रिकेटपटू पी. बाळू यांना, म्हणजे अस्पृश्य समाजातल्याच नामवंत माणसाला. लढत अटीतटीची झाली आणि बाबासाहेब निवडून आले. पक्षाच्या सतरा उमेदवारांपैकी बहुतेक विजयी झाले. त्यांत दादासाहेब गायकवाड, रा. रा. भोळे, पी. जे. रोहम हे आपले कार्यकर्ते होते, तसेच अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर हे सवर्ण सहकारीही होते.

मुंबईत बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. बाबासाहेब विरोधी बाकावर बसले. सभागृह होते रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये, जिथे पुढे राज्य पोलिसांचे मुख्यालय आले.

१७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. आमच्या कोकणी वाचकांना खोत म्हणजे काय ते सांगायला नको. सरकार आणि कूळ यांच्या मधला हा मक्तेदार. रत्नागिरी, कुलाबा, ठाणे भागात कसणारा कूळ, आणि धान्य जायचे खोताच्या कणगीत. शिवाय वेठ वेगळी, म्हणजे खोताच्या घरी फुकट राबायचे. यात महार होते तसे कुणबी, आगरी, भंडारीही होते. खोताला योग्य ती भरपाई देऊन मधून काढावे आणि जमीन कसणाऱ्याला सरकारशी थेट जोडावे, असे ते बिल होते. कुळांच्या गुलामीविरुद्ध असे बिल आणणारे बाबासाहेब हे हिंदुस्थानातले पहिले आमदार, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

बिल पडून राहिले, तसे बाबासाहेब पुन्हा दुसऱ्या पायावर उभे राहिले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आणि घाटावरून सुमारे वीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी कौन्सिल हॉलवर नेला. बोटीने, रेल्वेने, पायी आलेली ती उघड्या पायांची माणसे आमदाराला शोधत मुंबईच्या फोर्टात आली. मुख्यमंत्री खेरांना मागण्या सादर झाल्या. महाराबरोबर कुणबी चालत होता, याची त्या काळी अनेकांना धास्तीच वाटली असेल. तरीही त्या सभागृहात ते बिल पास झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ साली.

त्याच महिन्यात स्थानिक बोर्डांच्या कायद्यात अस्पृश्यांसाठी हरिजन हा शब्द घालायचा घाट घातला गेला. दादासाहेब गायकवाडांनी त्याला हरकत घेतली. ज्यांचे नाव आहे त्यांनाच ते नको असेल, तर ते लादणारे तुम्ही कोण, हा त्यांचा सरळ मुद्दा होता. बहुमताने तो फेटाळला गेला. तेव्हा बाबासाहेब आपल्या सर्व सभासदांसह सभागृहाबाहेर पडले. स्वतःचे नाव स्वतः ठरवायचा हक्क त्यांनी त्या दिवशी मागितला. १९५६ साली दीक्षाभूमीवर आपण आपले नाव स्वतः ठरवले.

सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. तडजोडीच्या लांबलचक पायऱ्या पूर्ण होण्याआधी संप केला तर कामगाराला शिक्षा, असा त्याचा मतलब. बाबासाहेब कायदेपंडित म्हणून उभे राहिले. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा कसा? माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावायचे आणि नाही म्हटले तर तुरुंगात घालायचे, याला गुलामी म्हणतात. ज्याला स्वातंत्र्य मान्य आहे त्याला संपाचा हक्क मान्य करावाच लागेल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. ज्यांच्या आज्यापणज्यांनी येसकरकी केली, त्यांच्या प्रतिनिधीलाच हे इतके नेमके दिसावे यात नवल नाही.

७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. आपला पक्ष आणि इतर कामगार संघटना, त्यांत कम्युनिस्टही, एकत्र आले. बाबासाहेब कामगार भागात फिरले, कामगार मैदानावर सभा झाली. बिल मात्र बहुमताच्या जोरावर पास झालेच. तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, संततिनियमनाला सरकारने मदत करावी असा ठराव पक्षातर्फे रोहम यांनी मांडला. त्यासाठीचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. वरचेवरच्या बाळंतपणांनी गरिबाची बायको कशी खंगते ते त्यात मांडले होते. सभागृहाने तोही फेटाळला. पुढे स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

महायुद्धाच्या प्रश्नावरून १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सभागृहाचे काम थांबले. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. मुंबईत जे मागून मिळाले नव्हते, त्यातले पुष्कळ त्यांनी तिथे स्वतःच्या सहीने केले. त्यानंतरचा घटना समितीचा, कायदेमंत्रिपदाचा आणि धम्मदीक्षेचा इतिहास आपणा सर्वांना माहीत आहे.

हरलेल्या मतांचा हिशेब

आता बेरीज करून पाहू. वतनाचे बिल मागे घ्यावे लागले. खोतीचे पडून राहिले. हरिजन शब्दावर हरले. संपाच्या बिलावर हरले. संततिनियमनावर हरले. मते मोजून पाहिली तर बाबासाहेब मुंबईच्या सभागृहात जिंकले कमी आणि हरलेच जास्त. पण वर्षे मोजून पाहिली तर वेगळेच दिसते. १९४९ ला खोती गेली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक सज्ञान माणसाला मताचा हक्क मिळाला. १९५८ ला वतन गेले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. शंभरातल्या ज्या ब्याऐंशी मुलांचा हिशेब त्यांनी १९२७ साली मागितला होता, त्याचे उत्तर देशाला द्यावे लागले.

हे आपोआप झाले नाही. इतरांनीही लढे दिले, त्यांचे ऋण आपण मान्य करतो. पण हरण्याची खात्री असतानाही आकडे गोळा करायचे, बिल नीट लिहायचे, सभागृहात नोंदवून ठेवायचे आणि बाहेर माणसे उभी करायची, ही चिकाटी बाबासाहेबांची. एकदा कागदावर आलेली न्याय्य मागणी मरत नाही, हे त्यांनी आपल्याला दाखवून दिले.

आणि आता आमच्या मनातली खंत बोलून टाकतो. आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो, हार घालतो, मिरवणुकीत नाचतो. पण निवडणूक आली की आपल्या वस्तीत उमेदवाराला काय विचारले जाते? मंडळाला वर्गणी किती, मांडव कुणाचा, बस कुणाची. मागच्या पाच वर्षांत सभागृहात आपल्यासाठी कोणता प्रश्न विचारला, कोणत्या बिलावर कोणत्या बाजूने हात वर केला, हे आपल्यापैकी कुणी विचारले आहे काय? आम्हीही विचारलेले नाही, हे कबूल करतो. सुगीच्या खळ्यावर हात पसरणे आणि निवडणुकीच्या मांडवात हात पसरणे यात फरक किती? ज्याने आपले बलुते सोडवले, त्याची लेकरे पुन्हा दुसऱ्या बलुत्यावर बसलेली त्याला आवडली असती काय?

महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढले आहेत. त्यांतल्या दुसऱ्या खंडात, जो १९८२ साली प्रसिद्ध झाला, मुंबई कायदेमंडळातली ही भाषणे आहेत. ती इंग्रजीत आहेत. आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी रविवारच्या वंदनेनंतर त्यातली पाच-पाच पाने वाचून घरच्या बोलीत समजावून सांगावीत, असे आम्ही सुचवतो. वडीलधाऱ्यांनी वतनाच्या, खोतीच्या, गिरणीच्या आठवणी त्यात भर म्हणून सांगाव्यात. आणि पुढची निवडणूक येईल तेव्हा उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, त्याला विहाराच्या ओसरीवर बसवून कामाचा हिशेब विचारावा.

परळच्या चाळीतून कागदांची पिशवी घेऊन कौन्सिलात जाणाऱ्या त्या महामानवाला आमचे त्रिवार अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!